बालपणाचा खर्च

कोल्हापुरात कुणाच्या घरी लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर गाठायचं, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. गादीवर मांडी घालून बसायचं. दुकानदाराने घड्यांवर घड्या उलगडत जायच्या, मानाच्या किती आणि आहेराच्या किती याचा हिशेब घालत बसलेल्या थोरल्या जावेने प्रत्येक काठाला नाक मुरडायचं, मध्येच चहा यायचा. दुकानदार सिंधी, पण ‘वैनी, ह्यो रंग बघा तर खरं’ असं म्हणतो तेव्हा हेल अस्सल पंचगंगेकाठचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे आणून वसवलं आणि त्यांनी हिमतीने ही पेठ उभी केली, एवढं आम्हांला लहानपणापासून ठाऊक असतं. इथेच का वसवलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

उत्तर सोपं आहे. घरं तयार होती. बराकींच्या रांगाच्या रांगा, आखलेले रस्ते, पाण्याची सोय, सगळं नुकतंच रिकामं झालेलं. त्याआधी १९४३ पासून १९४८ पर्यंत इथे वळिवडे कॅम्प होता आणि त्यात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. माणसं म्हणायची, पण बाया आणि पोरंच जास्त. पुरुष थोडे, तेही बहुतेक उतारवयाचे नाहीतर लढाईच्या कामी न येणारे. म्हणजे करवीर तालुक्यात, मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला, पाच वर्षं एक अख्खं गाव बायकांच्या जिवावर चाललं होतं.

मला या कॅम्पचं फार वर्षांपासून वेड आहे. तेव्हा तिथे जी मुलं होती ती पुढे इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोलंड अशी विखुरली आणि साठी-सत्तरी उलटल्यावर त्यांनी आठवणी लिहून काढल्या, सांगितल्या. मिळतील तशा मी त्या वाचत गेले. त्यांतल्या कितीतरी जणींना वळिवड्याची वर्षं आयुष्यातल्या सुखाच्या काळापैकी वाटतात. ऊन, केळी-पपईची झाडं, पन्हाळ्याची सहल, नदीतलं पोहणं, शाळेतली नाटकं. घरदार गमावलेल्या पोरींना परमुलखात, चटईच्या भिंतींच्या आत, सुख लाभावं हे वाचताना आधी गोड वाटतं. मग हळूहळू टोचायला लागतं. सुख आपसूक उगवत नाही. पोरांच्या पानात ते पडलं, म्हणजे कुणीतरी ते कुठूनतरी आणून वाढलं असणार.

वाढणारी बाई या आठवणींत असते, पण पाठमोरी.

तिचा चेहरा पाहायला १९४० सालात जावं लागतं. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया असे दोघे पोलंडवर तुटून पडले. पूर्वेचा मुलूख रशियाच्या घशात गेला आणि १० फेब्रुवारी १९४० ला, ऐन हिवाळ्यात, अंधार असतानाच तिथल्या घरांची दारं वाजू लागली. अर्धा तास. काय घ्यायचं ते घ्या आणि चला. मालगाडीच्या डब्यात माणसं कोंबलेली, मध्ये एक लोखंडी शेगडी, तळाच्या फळीला पाडलेलं एक भोक, आणि आडोशाला कुणाची तरी चादर. गाडी आठवडेच्या आठवडे चालायची. एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच. कुणी उत्तरेच्या अरण्यात लाकूडतोडीला गेलं, कुणी सैबेरियात, कुणी कझाकस्तानच्या माळावर.

त्या अर्ध्या तासाशी मी नेहमी अडखळते. झोपेतली पोरं उठवायची, एकावर एक कपडे चढवायचे, दारात बंदुकवाला उभा, आणि घरात नजर फिरवायची. काय उचलायचं? आठवणींमधून ही यादी सापडते: पिसांची रजई, पिठाची पिशवी, देवाची तसबीर, लग्नातला फोटो, कुणी तर शिवणयंत्र. शिवणयंत्र उचलणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडते. जड, अवघड, धरायला कुठे कान नाही. पण तिने त्या घाईतही पुढची भाकरी पाहिली. बायकांना संसार उचलायला अर्धा तास मिळतो तेव्हा त्या काय उचलतात, यावर कुणीतरी एक अख्खं पुस्तक लिहायला हवं. सिंधमधून निघालेल्या बायांनीही असंच काहीतरी उचललं असेल. त्यांना तरी किती वेळ मिळाला होता?

एप्रिलच्या खेपेत मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांच्या, पोलिसांच्या, सरकारी नोकरांच्या बायकामुलांना उचललं होतं. त्यांच्यात शहरातल्या, घरी मोलकरीण असलेल्या, टोप्या घालून चर्चला जाणाऱ्या बायाही होत्या. कझाक माळावर झाड नावाला नाही. तिथलं जळण म्हणजे शेण. शेणात गवत कालवायचं, पायाने तुडवायचं, थापायचं, वाळवायचं, आणि हिवाळ्याच्या आत रचून ठेवायचं. त्या हे सगळं तिथे शिकल्या. पुढे वळिवड्याच्या आसपासच्या भिंतींवर त्यांना पाच बोटांचे ठसे उमटलेल्या शेणी दिसल्याच असतील. कुणा इंग्रज साहेबाच्या मडमेला त्या पाहून किळस आली असेल; पण या गोऱ्या बायकांतल्या कितीतरी जणींना शेणी खडखडीत वाळायला किती उन्हं लागतात, पावसाच्या आत त्या कुठे नि कशा रचायच्या, हे आमच्या आज्यांइतकंच ठाऊक होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भिंतीवरच्या त्या ठशांवरून एकीला दुसरीच्या हाताची जात कळली असेल असं मला वाटतं.

त्याच वसंतात, १९४० मध्ये, कातिनच्या जंगलात आणि आणखी काही ठिकाणी हजारो पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं गेलं. एप्रिलमध्ये उचललेल्या बायकांपैकी अनेकींचे नवरे त्यांत होते. घरच्यांना कळलं ते एवढंच, की पत्रं यायची बंद झाली. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर चाल केली, तसे कालचे वैरी आजचे दोस्त झाले, पोलिश कैद्यांना मोकळं केलं गेलं आणि जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. फौजेच्या मागोमाग बाया पोरांना घेऊन निघाल्या. मध्य आशियातला टायफॉइड, आमांश, भूक यांनी वाटेत किती नेले याला गणती नाही. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे एक लाख पंधरा हजार माणसं इराणला लागली. तिथून कुणी आफ्रिकेला, कुणी न्यूझीलंडला, कुणी कराचीमार्गे आमच्याकडे. आणि कातिनची थडगी जर्मनांनी जगापुढे उघडली एप्रिल १९४३ मध्ये. वळिवड्याचा कॅम्प भरू लागला तो त्यानंतरच्या पावसाळ्यात. कौलांवर आमचा तो मुसळधार पाऊस, आणि खाली बसून कुणीतरी मृतांच्या यादीत नाव शोधतं आहे.

आता ती घरं पाहू. पाया दगडी, वर कौलं, मधल्या भिंती चटयांच्या. स्वयंपाकाला आडोसा, पुढे व्हरांडा. एरवी भिंतीला कान असतात म्हणतात. चटईची भिंत म्हणजे नुसता कानच. शेजारच्या घरातलं रडणं, खोकणं, परवचा, प्रार्थना, सगळं आपल्याच खोलीत. अशा भिंतीआड बाईने रडायचं कधी आणि कुठे? हा प्रश्न मला कॅम्पच्या नकाशापेक्षा मोठा वाटतो. आठवणी लिहिणाऱ्या मुली सांगतात की आई खंबीर होती. असेलही. पण पातळ भिंतीपलीकडे दहा-बारा कान आहेत हे माहीत असलेली बाई खंबीर नाही राहणार तर काय करणार?

व्हरांड्यांसमोर त्यांनी फुलझाडं लावली. वेल चढवले. पडदे शिवले. शाळा सुरू झाल्या, चार प्राथमिक आणि वर माध्यमिक. इस्पितळ, अनाथालय, चर्च, शिवणकामाचे वर्ग, सहकारी दुकान. शिकवायला मुख्यतः बायाच. रशियात असताना पुस्तकं नव्हती तेव्हा आयांनी पोरांना तोंडीच प्रार्थना, पाढे, इतिहास शिकवला होता. पुढे पोलिश शाळांची पुस्तकं जेरुसलेमहून छापून येऊ लागली. वळिवड्याच्या वर्गात बसलेली मुलगी पोलंडचा भूगोल शिकत होती: अमुक नदी, तमुक शहर, उत्तरेला समुद्र. खिडकीबाहेर उसाची शेतं.

मुलींसाठी काळ पुढे पळत होता. इयत्ता बदलत होती, फ्रॉक आखूड होत होते, मैत्रिणी रुसत होत्या. मुलांचा काळ असा दिवसाला दिवस जोडत पुढे जातो. सैबेरियातली थंडी दोन उन्हाळ्यांत विरघळून जाते. आईसाठी काळ थांबलेला होता. तिच्या दृष्टीने हे गाव नव्हतंच, रेल्वेचं वेटिंग रूम होतं. गाडी कधी येणार, कुठून येणार, येणार की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून तिने वेटिंग रूममध्येच चूल मांडली, बाग लावली, लेकीच्या वेण्या घातल्या. एकाच व्हरांड्यात एक जण मोठी होत होती आणि दुसरी वाट पाहत होती. त्या लेकींना आठवतो तो पहिलीचा काळ. तो खरा आहेच. पण त्याचा खर्च दुसरीच्या काळातून होत होता.

ज्यांचे नवरे, मुलगे फौजेत होते त्यांचे डोळे टपालाकडे. आंदेर्सची फौज पुढे इटलीत लढली. १८ मे १९४४ ला माँते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश निशाण लागलं. आणि इथे आमच्याकडची गोष्ट आठवते, कारण त्याच इटलीत मराठा पलटणीही होत्या. रायगडकडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेऊन तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा इटलीतून निघालेली पत्रं एकीकडे वळिवडे कॅम्पात येत होती आणि दुसरीकडे कोकण-देशावरच्या खेड्यांत. एकीला पत्र स्वतः वाचता येत होतं, दुसरीला मास्तरांकडून नाहीतर पोस्टमनकडून वाचून घ्यावं लागत होतं, एवढाच काय तो फरक. हातात तार पडली की मात्र दोघींना वाचायची गरज उरत नव्हती.

या सगळ्याचा आपण अलीकडे अभिमान बाळगतो. बाळगावाच. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश अनाथ मुलांना आसरा दिला, कोल्हापूर संस्थानाने वळिवड्याला जागा दिली. वॉर्साला जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश मंडळींनी उभारलेला कृतज्ञतेचा स्तंभ आहे. दगडावर राजांची नावं शोभतात. पण राजाने जमीन द्यावी आणि गाव बायांनी चालवावं, हा हिशेब दगडावर मावत नाही. कॅम्पचा बराचसा पैसा लंडनच्या निर्वासित पोलिश सरकारकडून येत असे, महिन्याला तुटपुंजा भत्ता. आणि त्या भत्त्यातून महिना ओढणारी माणसं कोण होती हे कुठल्याही संसारी बाईला न सांगता कळेल.

बालपणाचा खर्च आईने केला तर निदान हिशेब सरळ असतो. पण कॅम्प भरला त्याच वर्षी, त्याच कोल्हापुरात, दुसरा एक हिशेब चालला होता. वळिवड्यापासून कोस-दोन कोसांवर मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सचं बिऱ्हाड होतं आणि तिथे लता मंगेशकर नावाची चौदा वर्षांची मुलगी पगारावर काम करत होती. एप्रिल १९४२ मध्ये वडील, मास्टर दीनानाथ, पुण्यात वारले. घरात आई, मागे तीन बहिणी आणि एक भाऊ. थोरली ही. तेव्हा हिने कामाला जायचं, हे कुणी ठरवावं लागलं नाही. १९४३ च्या ‘माझं बाळ’मध्ये ती पडद्यावर आहे आणि तिची दहा वर्षांचीही पुरती न झालेली बहीण, आशा, त्याच चित्रपटात गायली आहे. तोंडाला रंग फासणं, झगझगीत दिव्यांखाली उभं राहणं, सांगितलं की हसणं आणि सांगितलं की रडणं, हे आपल्याला मुळीच आवडत नव्हतं, असं लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितलं. आवडीचा प्रश्नच नव्हता. महिन्याचा पगार होता.

पोलिश मुलीला तिची आई बालपण परत मिळवून देत होती, आणि ही मराठी मुलगी आपलं बालपण मोडून धाकट्यांचं चालवत होती. दोघी एका वयाच्या, एका गावच्या पाण्यावर वाढणाऱ्या. कदाचित एखाद्या रविवारी रंकाळ्यावर एकमेकींच्या शेजारून गेल्याही असतील. युद्धातलं बालपण म्हटलं की आपल्याला बाँबगोळे दिसतात. लताच्या घरावर बाँब पडला नव्हता. पण कमावता माणूस जाणं हेही पोराबाळांच्या घरावर पडतंच, आणि त्याला युद्धाची वाट पाहावी लागत नाही.

हुकमाचं हसणं म्हटलं की याच विनायकांच्या आणखी एका चित्रपटाकडे मन जातं. १९३८ चा ‘ब्रह्मचारी’, आचार्य अत्र्यांच्या लेखणीचा, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा. ब्रह्मचर्याची शपथ घेऊन बसलेल्या तरुणाची टर उडवणारा, आणि त्याचं व्रत मोडायला आलेल्या मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या वेषात पाण्याकाठी गाणं म्हणणाऱ्या. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! लोक नावं ठेवत होते आणि चित्रपटगृहं भरत होती. मला त्यातली मेख अशी दिसते की विनोद अत्र्यांचा ठरला, दिग्दर्शन विनायकांचं ठरलं, आणि नावं ठेवायला मीनाक्षीबाई तेवढ्या उरल्या. सगळ्या थट्टेचा भार एका बाईच्या उघड्या दंडांवर. आज तो प्रसंग पाहिला तर त्यांच्या चेहऱ्यावर लाज दिसत नाही, मिस्किली दिसते. विनोदाचं मर्म त्यांना नेमकं कळलं होतं. प्रेक्षकांतल्या किती जणांना कळलं कोण जाणे.

आणि पाच वर्षांनी पंचगंगेत खऱ्याच मुली पोहायला उतरल्या. कॅम्पातल्या पोलिश मुलींना नदीचं वेड होतं. आमच्याकडे बायका पोहत नव्हत्या असं नाही. विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेल्या, नऊवारीचा काचा मारून सूर मारणाऱ्या मळ्यातल्या पोरी होत्याच. पण ते झाकलं-माकलं, काम उरकून, पुरुषांची नजर नसेल तेव्हा. या मात्र दिवसाढवळ्या, आरडाओरडा करत. घाटावर धुणं आपटणाऱ्या बायांनी पिळा हातात तसाच धरून पाहिलं असेल. ‘आगं बया, ही पोरगी तर माशागत जाती की!’ असं कुणी म्हणालं असेल, आणि एखाद्या नव्या सुनेने मनातल्या मनात आपली माहेरची विहीर आठवली असेल.

कॅम्पात व्हॉलीबॉल चालायचा, स्काउट-गाइडच्या पथकांचा तर फारच जोर. त्या पथकांचा एक म्होरक्या होता झ्जिस्वाव्ह पेश्कोव्स्की नावाचा तरुण अधिकारी. हा कोझेल्स्कच्या छावणीत कैदी होता. तिथले बहुतेक सगळे कातिनला नेऊन मारले गेले. जे मूठभर वाचले त्यांतला हा. पुढे तो धर्मगुरू झाला आणि जन्मभर कातिनच्या मृतांसाठी झटला. पण वळिवड्यात त्याचं काम काय, तर पोरींना तंबू ठोकायला, गाठी मारायला, कवायत करायला शिकवणं. पन्हाळ्यावर नेऊन शेकोटी पेटवून गाणी म्हणवणं. ज्यांच्या बापांबरोबर तो एका छावणीत होता अशा मुली त्याच्यासमोर रांगेत उभ्या असतील. त्याने शिट्टी वाजवली की त्या धावत सुटायच्या. खेळ म्हणजे जड विषयातली विश्रांती असं आपण समजतो. या माणसाने काय समजून ती शिट्टी तोंडात धरली असेल?

हसवण्याचं कामही असंच. हांका ऑर्दोनुव्ना ही युद्धापूर्वीच्या वॉर्सातली लाडकी नटी-गायिका. क्वी प्रो क्वो नावाचं तिथलं प्रसिद्ध कॅबरे. चुरचुरीत थट्टा, राजकारण्यांच्या टोप्या उडवणारी गाणी, आणि त्यात ही, नाजूक अंगाची, डोळ्यांनी बोलणारी. आधी जर्मनांनी पकडली, नंतर रशियनांनी, आणि रवानगी श्रमछावणीत. फुप्फुसं क्षयाने पोखरलेली. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर तिने काय करावं? अनाथ पोलिश पोरं गोळा करायला लागली. स्टेशनांवर बेवारस पडलेली, उवांनी भरलेली, दोन-दोन दिवस न बोलणारी पोरं. अश्काबादहून मशहद, मग तेव्हाच्या हिंदुस्थानातलं क्वेट्टा, अशा लॉऱ्यांच्या आणि आगगाडीच्या प्रवासाने १९४२ मध्ये ती पोरं मुंबईत वांद्र्याला पोचली, आणि तिथून बालाचडीला. त्या पोरांवर तिने पुस्तक लिहिलं, तेही टोपणनावाने, आणि १९५० साली बैरूतला ती गेली.

जी बाई हजार माणसांना एका भुवईवर हसवायची तिच्यासमोर आता न हसणारं मूल होतं. कॅबरेत प्रेक्षक पैसे मोजून, हसायच्या तयारीने येतो. हे मूल कशाच्याच तयारीने आलेलं नव्हतं. विनोदी नटीच्या आयुष्यातली यापेक्षा कठीण मैफल मला सुचत नाही. आणि तिची समीक्षा कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन मोठ्या पुरुषांनी नकाशावर रेघ ओढली आणि पूर्व पोलंड रशियाकडे राहिला. वळिवड्यातल्या बहुतेक बायांचं गाव त्या रेघेपलीकडे. युद्ध जिंकलं, घर हरलं. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. कॅम्पचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे गेला. मग १९४७-४८ मध्ये पांगापांग. ज्यांचं माणूस आंदेर्सच्या फौजेत होतं त्यांना इंग्लंड. तिथे पुन्हा लष्करी बराकी, या वेळी अर्धगोल पत्र्याच्या. बाकीच्या कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी पोलंडला, कुणी आणखी कुठे. एकदोघींनी कोल्हापुरातच लग्नं केली आणि त्या इथल्याच झाल्या. रिकाम्या बराकींमध्ये सिंधी बायांनी सामान टाकलं.

लेकींनी पुढे जे लिहिलं ते सगळं लेकींचं. आयांनी जवळजवळ काहीच लिहून ठेवलेलं माझ्या हाती लागलेलं नाही. त्यांना बराकीमागून बराक आवरायची होती. म्हणून मी त्यांना शोधते ती पन्हाळ्याच्या शेकोटीत. स्काउटांच्या शेकोटीला नकला या असायच्याच, जगात कुठेही. पोरी कुणाची नक्कल करतात? मास्तरणीची, दाक्तरची, कॅम्प कमांडंटची, आणि आईची तर हमखास. कॅम्पाच्या दाराशी भाजी विकायला येणारे आमचे लोक मोडकं-तोडकं पोलिश शिकले होते आणि या बाया मोडकं मराठी. मला तो प्रवेश सहज रचता येतो: एक पोरगी डोक्याला रुमाल गुंडाळून आई झाली आहे, दुसरी कोळशाने मिशा काढून माळी. वांग्यांवरून जुंपली आहे. आई पोलिशमध्ये माळ्याच्या सात पिढ्या काढते, माळी मराठीत तिच्या, आकडे मात्र दोघांनाही एकमेकांच्या भाषेतले चोख येतात. शेवटी आई पाय आपटून चार पावलं चालू लागते, माळी हाक मारतो, सौदा पटतो, आणि ती जाता-जाता एक वांगं फुकट उचलून रुमालात टाकते. पुढे बसलेल्या बाया पोट धरधरून हसल्या असतील. आणि ज्या बाईची ती नक्कल होती तिने घरी गेल्यावर लेकीला नक्कीच सुनावलं असेल, की मिशावाल्याने भाव दीड आण्याने जास्त सांगितला, तू त्याला उगाच सोडलंस.